‘तोच हा’ म्हणण्याचा अधिकार

एखाद्या वाणाच्या नावाने बाजारात आलेले बियाणे खरोखरच त्या वाणाचे आहे किंवा नाही, हे ठरविण्याची बीजपरीक्षकांची जुनी रीत अशी आहे की, पिशवीतील नमुना एका वाफ्यात पेरावा, त्याच्या शेजारी त्याच वाणाचा अधिकृत नमुना पेरावा, दोन्ही फुलाफळाला येईपर्यंत धीर धरावा, आणि मग ओळीओळीने चालत खोडाचा रंग, पानांच्या खाचा, पाकळीच्या बुडाचा डाग, फळावरच्या शिरा अशा एकेका लक्षणाची रुजवात घालीत जे झाड निराळे दिसेल ते भेसळीचे म्हणून मोजावे. शेतीची थोडीबहुत सवय असलेल्या कोणालाही ही परीक्षा समजते, आणि परभणी जिल्ह्यात तशी सवय नसलेला मनुष्य मुद्दाम शोधावा लागेल. परंतु या साध्या कृतीत तीन गोष्टी मुकाट्याने गृहीत धरलेल्या असतात. ज्याच्याशी ताडून पाहावयाचे तो अधिकृत नमुना स्वतः निर्दोष आहे, ही पहिली; जी लक्षणे तपासावयाची ठरली आहेत तीच महत्त्वाची आहेत, ही दुसरी; आणि सर्वांत नाजूक अशी तिसरी ही की, सारी लक्षणे जुळली म्हणजे वस्तू तीच ठरली. पुढील पृष्ठांचा विषय या तिसऱ्या गृहीताभोवती फिरतो.

जुळणे ही निरीक्षणाची गोष्ट आहे. तेच असणे हा निवाडा आहे. निरीक्षण कमीअधिक असू शकते, शेकड्यांत मांडता येते, उद्या सुधारून घेता येते. निवाड्याला मात्र होय आणि नाही अशा दोनच बाजू असतात. आपल्याकडील नैयायिक आणि बौद्ध या प्रश्नावर शतकानुशतके भांडले. काल पाहिलेला देवदत्त आज पुन्हा भेटला असता ‘हाच तो’ असे जे ज्ञान होते त्या प्रत्यभिज्ञेत नैयायिकांनी वस्तूच्या स्थैर्याचा पुरावा पाहिला. बौद्धांनी उलट दिव्याची ज्योत पुढे केली, जी रात्रभर एकच भासते आणि तरीही क्षणोक्षणी नव्या तेलावर जळत असते, आणि कापल्यानंतर पुन्हा वाढलेल्या नखांकडे बोट दाखवून विचारले की, ‘हीच ती’ असे येथेही वाटतेच, मग त्या वाटण्याची किंमत काय धरावयाची? वादाचा निकाल कोणाच्या बाजूने लागला हे ज्याने त्याने आपल्या दर्शनाप्रमाणे ठरवावे. आपल्या कामापुरता बोध असा की, ओळख पटल्याची भावना आणि ओळख पटण्याचे कारण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. आधुनिक शास्त्रांनी आपापली कारणे ठरवून घेतली आहेत, ती एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत, आणि माझे म्हणणे असे आहे की, एखाद्या शास्त्राने किती लक्षणे जुळविली यापेक्षा न जुळलेल्या एका लक्षणाचे ते काय करते, यावरून त्याची पारख करावी.

परभणीतील शेतीसंशोधनाची परंपरा निजामी अमदानीतली आहे. १९१८ साली येथे मुख्य प्रायोगिक प्रक्षेत्र सुरू झाले, १९५६ साली कृषी महाविद्यालय आले, आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली, ज्याला २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव जोडलेले आहे. या विद्यापीठाचे नाव खेडोपाडी ज्या वाणांनी पोहोचविले त्यांत भेंडीच्या ‘परभणी क्रांती’चा मान मोठा. ‘पुसा सावनी’ हा तेव्हा सर्वत्र लावला जाणारा वाण हळद्या रोगापुढे हतबल झाला होता. पांढरी माशी रोगाचा विषाणू या झाडावरून त्या झाडावर नेई, आधी पानांच्या शिरा पिवळ्या पडत, मग सारे पान पिवळे होई, आणि फळे निबर व फिकट निघत. एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर या परभणीच्या संशोधकांनी पुसा सावनीचा संकर तिच्याच भावकीतल्या परंतु निराळ्या जातीच्या, एबेलमॉस्कस मॅनिहॉट नावाच्या वनस्पतीशी घडवून आणला, तिची रोग झटकून टाकण्याची शक्ती घेतली, बाकीचे सारे भेंडीचे भेंडीलाच राहावे म्हणून पुढील पिढ्यांत संकर आणि निवड यांचे चिकाटीचे काम केले, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यास हा वाण शेतकऱ्यांच्या हाती आला.

पुढे काही वर्षांनी ठिकठिकाणांहून तक्रार येऊ लागली की क्रांतीवरही हळद्या दिसतो. या एका तक्रारीत दोन स्वतंत्र प्रश्न दडलेले होते. शेतात उभे आहे ते बियाणे मूळ क्रांतीचेच आहे काय, हा एक. आणि पानावर बसला आहे तो विषाणू पूर्वीचाच आहे काय, हा दुसरा. बियाणे बदलले असो की विषाणू बदललेला असो, शेतकऱ्याच्या डोळ्यांना दिसते ते एकच, पिवळे पान. वाफ्यातली परीक्षा येथे अर्धवटच उपयोगी पडते, कारण ज्या गुणामुळे या वाणाला नाव मिळाले तो गुण खोडाच्या रंगात किंवा फळाच्या शिरांत उमटत नाही. रोगाची गाठ पडल्याखेरीज तो आहे की गेला हे कळतच नाही. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने नव्या वाणाकडून वेगळेपण, एकसारखेपणा आणि स्थैर्य मागितले आणि ते ज्यांवरून पाहावयाचे त्या लक्षणांचे तक्ते पिकावार तयार झाले. त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला घरचे बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा आणि विकण्याचाही हक्क दिला. फक्त ते छापाच्या पिशवीत, ब्रँडच्या नावाने विकू नये, एवढी अट घातली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वाण ही एक वस्तू आणि पिशवीवरचे नाव ही दुसरी. ही जाण पुष्कळशा संशोधनलेखांत आढळत नाही.

विषाणू तोच आहे काय, असे विचारताच आपण दुसऱ्या शास्त्राच्या हद्दीत शिरतो आणि तेथला कायदा निराळा. हळद्याचा विषाणू ज्या बेगोमोव्हायरस गणात मोडतो, त्या गणातील दोन विषाणू एकाच जातीचे धरावेत की नाही हे त्यांच्या जनुकद्रव्याच्या संपूर्ण क्रमवारीतील साम्यावरून ठरते. ही सीमारेषा पूर्वी शेकडा ८९ वर होती. २०१५ साली ती शेकडा ९१ वर नेण्यात आली. म्हणजे ज्यांच्यात शेकडा ९० साम्य आहे असे दोन विषाणू, स्वतः काडीमात्र न बदलता, कालचे सजातीय ते आजचे विजातीय झाले. हे ऐकून कित्येकांना हसू येते. मला तर हा या शास्त्राचा मोठेपणा वाटतो. रेषा आपणच आखली आहे, कोठे आखली आहे आणि का हलविली, हे त्याने उघड सांगितले. याउलट ‘अनुभवी डोळ्याला कळते’ या सबबीखाली चालणाऱ्या शास्त्रांत रेषा असतेच, केवळ ती कोणास दिसत नाही.

शेजारी ठेवून पाहण्यापलीकडे एकत्र मिसळून पाहण्याचा एक मार्ग आहे, आणि तो मला नेहमीच अधिक भरवशाचा वाटत आला आहे. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या जुन्या प्रयोगशाळांतून दोन पांढरी चूर्णे एकाच तपमानाला वितळली एवढ्यावरून त्यांना एक पदार्थ मानीत नसत. कारण तेवढ्याच तपमानाला वितळणारे पदार्थ कितीतरी निघतील. दोन्ही चूर्णे खलात घोटून एकजीव करीत आणि ते मिश्रण बारीक नळीत भरून पुन्हा तापवीत. मिश्रण त्याच तपमानाला झटकन वितळले तर पदार्थ एकच. अगोदरच ओलसर होऊन रेंगाळत वितळले तर पदार्थ दोन. अलग असताना ज्यांनी आपला भेद लपविला होता त्यांनी एकत्र येताच तो कबूल केला.

याच तत्त्वाचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईचे आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा रक्ताचे वर्णन प्रसिद्ध केले, जे नित्याच्या तपासणीत ‘ओ’ गटाचे ठरे. तांबड्या पेशींवर ए नाही, बी नाही, तेव्हा ‘ओ’, असा सरळ हिशेब. परंतु ए आणि बी ही दोन्ही द्रव्ये ज्या पायावर उभारली जातात तो एच नावाचा पायाच या माणसांच्या पेशींवर नव्हता, आणि म्हणून त्यांच्या रक्तद्रवात एचच्या विरुद्ध लढणारी प्रतिद्रव्ये तयार होती. सामान्य ‘ओ’ रक्ताच्या पेशींवर एच भरपूर असते. तेव्हा नावाने सगोत्र असलेले तेच रक्त या रुग्णाला चढविले असता ते त्याच्या अंगात जाऊन फुटते आणि जिवावर बेतते. भारतात सुमारे दहा हजारांत एक असा मनुष्य आढळतो. त्याच्या कार्डावर ‘ओ’ लिहिलेले असले तरी त्याला फक्त त्याच्यासारख्याचेच रक्त चालते, आणि आज जगभर ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणून तो ओळखला जातो. या ठिकाणी रक्तपेढीतील ‘क्रॉस मॅच’ कामाला येते: दात्याच्या पेशी आणि रुग्णाचा रक्तद्रव प्रत्यक्ष एका नळीत घालून गुठळ्या होतात का ते पाहणे. गटाचे नाव सांगते की ही दोन रक्ते जुळतात. नळी सांगते की नाही. रक्तपेढीतला तंत्रज्ञ नळीचे ऐकतो, आणि मी वर म्हटलेली पारख ती हीच.

पदार्थविज्ञानाने तर या प्रश्नाचा पायाच उपटला. १९२४ साली ढाक्याच्या विद्यापीठात शिकविणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांची मोजणी करताना ‘हा कण’ आणि ‘तो कण’ असा भेदच धरला नाही. दोघांची अदलाबदल केली तर नवी स्थिती निर्माण होते असे मानलेच नाही, आणि त्यामुळेच त्यांचे गणित निसर्गाशी जुळले. जेथे व्यक्तित्वच नाही तेथे ओळख पटविण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. सुदैवाने मनुष्यप्राणी आणि त्याचे ग्रंथ अजून त्या अवस्थेला पोहोचलेले नाहीत.

ग्रंथांच्या बाबतीत मात्र मिसळून पाहण्याची सोय नाही. १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच असलेले आणि आता हिंगोलीत गेलेले नरसी हे परंपरेने नामदेवांचे गाव. गंगाखेड ही जनाबाईंची जन्मभूमी, आणि ती अद्याप परभणीतच आहे. नामदेवांच्या नावाने चालत आलेल्या अभंगांत त्यांच्यानंतर होऊन गेलेल्या संतांचे उल्लेख सापडतात. सोळाव्या शतकाच्या आसपासचा विष्णुदास नामा हाही त्याच नाममुद्रेने लिहितो. आणि १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या ग्रंथात नामदेवांची म्हणून जी ६१ पदे आहेत त्यांची भाषा मराठी अभंगांहून वेगळी. हे सारे एक की अनेक? अभंगाच्या शेवटी असलेली मुद्रा ही जुळणीची सर्वांत ठळक खूण, आणि नेमकी तीच सर्वांत कमी विश्वासाची, कारण कीर्तनाला उभा राहणारा प्रत्येक नामदेवभक्त ती खूण वापरू शकत होता व भक्तीपोटी वापरीतही होता. ज्ञानेश्वरीकार आणि अभंगकार ज्ञानेश्वर हे दोन निराळे पुरुष, असा वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने ‘सुधारक’ पत्रातून घातला, तेव्हा त्यांनी भाषा, विचार आणि उपास्य दैवत यांतील विसंगतींवर बोट ठेवले होते. त्यांचा सिद्धान्त बहुतेकांनी स्वीकारला नाही. परंतु न जुळणाऱ्या गोष्टी गोळा करून समोर मांडण्याची त्यांची हिंमत मला आजही अनुकरणीय वाटते. त्यांच्या खंडनासाठी का होईना, मराठी अभ्यासक पोथ्यांकडे अधिक डोळसपणे पाहू लागले.

पाठचिकित्सेने यातून एक सुरेख नियम काढला आहे. दोन पोथ्यांत शुद्ध पाठ जुळले तर त्यातून फारसे काही निष्पन्न होत नाही, कारण शुद्ध पाठ मुळातूनच दोघींकडे आला असेल. दोघींत एकच चमत्कारिक चूक सापडली तर मात्र त्या एका आईच्या लेकी मानाव्या. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात विष्णु सीताराम सुखटणकर यांनी महाभारताच्या ज्या चिकित्सित आवृत्तीची घडी बसविली आणि जी १९६६ साली पूर्ण झाली, तीमधील पोथ्यांची कुळे लावण्याच्या कामी अशा समान अपपाठांचे महत्त्व मोठे होते. आणि नवल असे की, प्राण्यांच्या वंशावळीविषयी लिहिताना व्हिली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १९५० साली तेच सांगितले: पूर्वापार चालत आलेली लक्षणे जुळली तर नाते सिद्ध होत नाही, नव्याने उद्भवलेले लक्षण दोघांत आढळले तरच होते. पोथ्या आणि माश्या यांचे अभ्यासक परस्परांचे काही न वाचता एकाच ठिकाणी येऊन पोहोचले.

स्थळांच्या ओळखीविषयी थोडक्यात सांगतो. नागेश ज्योतिर्लिंग म्हणजे औंढ्याचे की द्वारकेजवळचे की अल्मोड्याकडील जागेश्वरचे, हा तंटा दारुकावन या एका स्थलनामावर उभा आहे, आणि एकाच खुणेवर उभे असलेले तंटे मिटत नसतात. पाथरीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. शिर्डीचे साईबाबा मूळचे पाथरीचे, ही समजूत म्हाळसापती यांनी सांगितलेल्या आठवणीवरून निघाली. विश्वास खेर यांनी १९७० च्या दशकात पाथरीला जाऊन तेथील जुन्या घराण्यांची विचारपूस केली आणि एका घराण्यापर्यंत माग नेला. आणि जानेवारी २०२० मध्ये राज्यशासनाने जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासाचा विषय काढताच शिर्डीत बंद पाळला गेला. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवून केवळ पुराव्याकडे पाहिले तर येथे दोन टोके हाती आहेत आणि मधला दुवा नाही. पाथरीतून एक मुलगा गेला, शिर्डीत एक तरुण फकीर आला, या दोन विधानांत परस्परांशी जुळणारी दुर्मिळ अशी एकही खूण नाही.

दुर्मिळ खूण म्हणजे काय, हे दफ्तरांच्या बाबतीत उत्तम समजते. आयव्हन फेलेगी आणि ॲलन सन्टर या कॅनडातील दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९६९ साली दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत काय हे ठरविण्याचे गणित मांडले. त्याचा गाभा असा की, प्रत्येक जुळलेल्या बाबीचे वजन तिच्या दुर्मिळतेवर अवलंबून असावे. परभणीच्या खेड्यांत ज्ञानोबा किंवा मुंजाजी हे नाव दोन कागदांवर जुळले तर त्याने फारसे काही सिद्ध होत नाही; एखादे आडवळणाचे नाव जुळले तर ते दहा ज्ञानोबांना भारी पडते. त्यात आमच्या दफ्तरांची आणखी एक अडचण आहे. निजामी अमदानीतील महसुली कागद उर्दूत, आणि उर्दू लिपी ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाही. सीन, दाल, वाव एवढी तीन अक्षरे पाहून कारकुनाने सदू वाचावे, सिदू वाचावे की सुदू, हे त्या अक्षरांवरून ठरत नाही. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाही. सन फसली असतो, त्यात सुमारे ५९० मिळविल्यावर इसवी सन येतो, आणि वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास पालटत असल्यामुळे महिना न पाहता मिळवणी केली तर एका वर्षाचा घोळ ठरलेला. मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली तेव्हा, राजकारणाचा गलबला एकीकडे ठेवला तर, तहसिलीतील माणसांसमोर प्रत्यक्ष उभे राहिले ते हेच काम: पणजोबाची नोंद आणि पणतूचा दाखला यांच्यामध्ये, एकेका पिढीच्या कागदानिशी, वंशावळीची साखळी जोडणे.

शरीराच्या खुणांनी हा प्रश्न सुटला असे अनेकांना वाटते. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथून आधार क्रमांक देण्यास आरंभ झाला, आणि पुढे रास्त भावाच्या दुकानात पॉस यंत्र आले. कापूस वेचून आणि ऊस तोडून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत त्यांचा अंगठा यंत्रावर लागत नाही. दुकानदार बोट पुसायला सांगतो, दुसरे बोट ठेवायला सांगतो, आणि दुकानदारासह सारा गाव जिला ओळखतो ती बाई यंत्राच्या लेखी परकी ठरून रांगेतून बाजूला होते. उलट बाजूची चूक अधिक भयंकर असते. २००४ च्या माद्रिद बाँबस्फोटानंतर एका पिशवीवर मिळालेला ठसा अमेरिकेतील एका वकिलाचा असल्याचे तेथील केंद्रीय तपासयंत्रणेने ठामपणे सांगितले, त्याला अटकही झाली, आणि नंतर स्पॅनिश पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच मनुष्याचा असल्याचे दाखवून दिले. जुळणाऱ्या रेषा मोजून झाल्यावर न जुळणाऱ्या रेषांना काही ना काही सबब देण्यात आली होती. माझी पारख ज्या शास्त्राला सर्वांत कडक लागू करावी असे मला वाटते ते हे.

फेलेगी आणि सन्टर यांच्या गणितात नोंदींचे ढीग दोन नव्हेत, तीन पडतात: एक जुळलेल्यांचा, एक न जुळलेल्यांचा, आणि तिसरा ज्यांविषयी यंत्राने काही बोलू नये आणि माणसाने कागद हाती घेऊन पाहावे अशांचा. संशोधकाला हा तिसरा ढीग वर्षानुवर्षे तसाच ठेवता येतो आणि त्याबद्दल त्याला कोणी दोष देत नाही. दाखल्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला ती मुभा नाही; त्याला मुदतीत होय किंवा नाही लिहावेच लागते, आणि नाही लिहिले तर अपिलाची तरतूद असते. पुढील प्रकरणांचा क्रम लावताना हा भेद ध्यानात ठेवला आहे. बीज, विषाणू आणि रक्त यांची प्रकरणे आधी आहेत, कारण त्यांतील परीक्षा पुन्हा करून पाहता येते. पोथ्या आणि स्थळे मध्ये आहेत. आणि उर्दू व मोडी दफ्तरांचे प्रकरण, जे सर्वांत लांब झाले आहे, ते अखेरीस. मोडी न येणाऱ्या वाचकाने त्यातील नकला दिलेली पाने ओलांडून पुढे गेल्यास हरकत नाही, मात्र फसली सनाचा तक्ता त्याने वगळू नये.